कोरं शीड

"बूट!"

एकच शब्द, पण असा काही सुटला की दारातून आत आलेला माणूस एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय हवेत. त्यानं खाली पाहिलं. लाकडी जमिनीवर भलंमोठं शीड पसरलेलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या पोटावर त्याच्या उजव्या बुटाचा ओला, वाळूचा, अगदी नक्षीदार ठसा उमटला होता.

"सॉरी... पण कोण बोललं?"

कारण खोलीत कुणीच दिसत नव्हतं. लांबलचक खोली, समुद्राकडच्या तीन खिडक्या, भिंतीला टांगलेली शिडं... आणि बरोबर मधोमध, जमिनीतून उगवल्यासारखं एक डोकं. केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल, दातांत दोन टाचण्या.

"मी नाही," टाचण्या न काढताच ते डोकं म्हणालं. "आमची आत्या."

शिडं शिवायचं यंत्र जमिनीत खड्डा करून बसवतात. म्हणजे यंत्राचा पाट जमिनीच्या बरोबरीला येतो आणि घराएवढं शीडसुद्धा सरसर सरकवत नेता येतं. शिवणारीनं त्या खड्ड्यात बसायचं. नवख्याला तिचं फक्त डोकं दिसतं. डोकं देखणं असलं की नवख्याची अजूनच पंचाईत.

आत्या कापायच्या टेबलामागून पुढे आली. "तीस वर्षांत या जमिनीवर कुणाचा बूट पडलेला नाही. नगराध्यक्ष आले होते ते मोज्यांवर चालले, मुकाट."

त्यानं घाईघाईनं बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"मोजे शिवत नाही आम्ही," डोकं म्हणालं आणि हसू लपवायला यंत्राकडे वाकलं.

ही टाचणी. घरात, बाजारात, किनाऱ्यावर तिला सगळे याच नावानं हाक मारायचे. बारीक होती म्हणून, आणि टोचायची म्हणूनही. तिच्या वडिलांची नोकरी बोटीवरची, वर्षातून दोनदा घरी. लहानाची मोठी केली ती आत्यानं, कात्री हातात देऊन.

"काय फाटलंय?" टाचणीनं विचारलं.

त्यानं खांद्यावरची गुंडाळी उलगडली. शिडाच्या मधली, काचेसारखी आरपार दिसणारी पट्टी फुटली होती. गोल भोक आणि चहूबाजूंनी तडे.

"कसं फाटलं?"

"ते... गेटात अडकलं."

"अच्छा. गेटात." तिनं भोकावरून बोट फिरवलं, मग मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. "गेट गोल होतं का हो? साधारण... तुमच्या डोक्याएवढं?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"उचला ते शीड आणि चालते व्हा," आत्या म्हणाली. ती उगाच चिडली नव्हती. त्या दुकानाची रीतच होती: फाटलेलं आणणाऱ्यानं कसं फाटलं ते खरं सांगायचं. टाचणी ते कारण पेन्सिलीनं शिडाच्या कोपऱ्यात लिहायची, आणि मगच सुई लावायची. खडकावर घासलेल्याला एक टाका लागतो, आपटलेल्याला दुसरा. खोट्या कारणावर घातलेला टाका पुढच्या वाऱ्यात उसवतो. खोटं बोलणाऱ्याचं काम आत्या करत नसे. मग तो कुणी का असेना.

तो दारापर्यंत गेला... आणि वळला.

"कोलांटी," तो म्हणाला. "हवेतली. शिकतोय. डोकं गेलं आरपार."

आता त्या किनाऱ्यावर कोलांटी म्हणजे काय, ते लहान पोरालाही ठाऊक. फळीवर उभं राहायचं, पाय पट्ट्यांत, हातात शिडाची आडवी दांडी. वारा भरला की फळी पाण्यावरून अशी पळते, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. समोरून येणाऱ्या लाटेवर चढायचं, उडायचं, आणि वरच्या वर, फळीसकट, शिडासकट एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा पाण्यावर यायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात. करायला काहींना जन्म पुरत नाही.

"वर गेल्यावर हात सुटतात ना?" टाचणीनं विचारलं.

"सुटत नाहीत. मी सोडतो."

तिनं मान वर केली. आजवर पडलेल्या प्रत्येकानं तिला हात सुटले म्हणूनच सांगितलं होतं. सोडले म्हणणारा हा पहिला.

तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात लिहिलं— सोडलं. डोकं.

"एरवी काय करता तुम्ही?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"म्हणजे दिवसभर वीस मजल्यांवर लोंबकळायचं, आणि पाण्यापासून दोन हात वर गेलं की घाबरायचं?"

"लिफ्टमध्ये लाट येत नाही हो!"

"मागचा हात दांडीवर आणखी मागे न्या. उडाल्यावर तो अंगाकडे ओढा. मान मागच्या खांद्यावरून वळवा, पाय पोटाशी घ्या. आणि सोडू नका. बाकी सगळं वारा करतो."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही करता कोलांटी?"

सुई थांबली. टेबलापाशी कात्रीही थांबली.

"मी शिवते," टाचणी म्हणाली.

*

खरं काय ते आपण सांगू, ती सांगणार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर टाचणीसारखी फळी हाकणारं दुसरं कुणी नव्हतं. कोलांटी तेवढी राहिली होती. एका दुपारी उडाली, अर्धी गिरकी झाली, जग उलटं झालं... आणि तिनं हात सोडले. दांडी हनुवटीवर बसली. तीन टाके पडले. ते डॉक्टरांनी घातले म्हणून आत्या महिनाभर धुसफुसत होती— "तिरके घातलेत मेल्यानं!" शिडाच्या चिंध्या झाल्या.

नवं शीड टाचणीनं स्वतः शिवलं. लाल किनारीचं. तेच घेऊन ती रोज संध्याकाळी पाण्यात जायची, अजूनही सगळ्यांच्या पुढे पळायची. फक्त उडण्याजोगी लाट समोर आली, की गुडघे अलगद वाकायचे आणि फळी बाजूनं निघून जायची. इतकी सफाईनं, की लोकांना वाटावं, हिला उडायची हौसच नाही.

आत्याला कळत होतं. ती काही बोलत नव्हती. तिच्यासारख्या बाईचं न बोलणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी अशी बाई आहे त्यानंच समजून घ्यावं.

*

बूटवाला पुन्हा आला. हो, आता त्याचं नाव तेच पडलं होतं. दर आठ-दहा दिवसांनी, खांद्यावर गुंडाळी आणि चेहऱ्यावर अपराधी हसू. बूट मात्र दारातच काढायचा, आणि मोजे नवे घालून यायचा.

टाचणी चिरेवर बोट ठेवून सांगायची.

"या वेळी उशिरा सोडलंत. अर्ध्याहून जास्त फिरला होतात."

"तुम्ही किनाऱ्यावर होता?"

"नाही. इथे लिहिलंय." आणि ती तडा दाखवायची.

"बापरे... म्हणजे तुमच्यापासून काही लपवायची सोय नाही."

"लपवण्यासारखं काय आहे?"

खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडून, आणि तिला शिवताना बघायचा. ती शीड ओढायला लागली की दुसरं टोक धरायचा. एकदा दोघांचे हात एकाच घडीखाली आले. कुणीच काढला नाही... यंत्र आपलं रिकामंच खडखडत राहिलं.

"दोरा संपलाय गं," आत्या लांबून म्हणाली.

मग एका आठवड्यात वारा पडला. समुद्र तव्यासारखा सपाट. फळ्या कोरड्या, लोक कंटाळलेले. चौथ्या दिवशी बूटवाला दारात, खांद्यावर गुंडाळी.

टाचणीनं शीड उलगडलं. हातभर चीर होती, सरळ, स्वच्छ. कडा अशा की पट्टी लावून आखल्यात. शीड फाटतं तेव्हा विजेसारखं वाकडंतिकडं फाटतं. हे फाटलं नव्हतं.

"कसं फाटलं?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला.

"पडलो."

"वारा तर नाही. कुठे पडलात?"

त्यानं मान खाली घातली. "पाण्यात नाही पडलो."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. टाचणीला एकदम खोली फार लहान वाटायला लागली.

"कापलं मी," तो घाईनं म्हणाला. "ब्लेडनं. चार दिवस वारा नाही, फाटायला काही कारणच मिळेना. मग..."

आत्या टेबलामागून आली. चीर पाहिली. बूटवाल्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, नव्या मोज्यांसकट.

"कापलं, हे कळलं. मी कारण विचारतेय. का कापलं?"

बूटवाला वाकून नवे मोजे वर ओढायला लागला.

"कोपरा कोरा राहू दे," आत्या टाचणीला म्हणाली. "यांना कारण सुचेल तेव्हा शिवू. टांग तिकडे."

बिचारा सुटकेसाठी इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याची नजर भिंतीवरच्या लाल किनारीवर गेली. "हे कुणाचं?"

"माझं," टाचणी म्हणाली.

तो जवळ गेला. हात मागे बांधून, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दीड महिन्यात त्यालाही शीड वाचता यायला लागलं होतं.

"एकही ठिगळ नाही," तो हळू म्हणाला. "दोन वर्षं तरी वापरलेलं दिसतंय. या किनाऱ्यावर ठिगळ नसलेलं शीड मी पाहिलंच नाही. हे असं कसं?"

"मी पडत नाही," टाचणी म्हणाली.

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"खोटं," आत्या म्हणाली. "तू उडतच नाहीस."

"आत्या!"

"रीत म्हणजे रीत. याला एक आणि तुला एक असं चालायचं नाही. ऊठ खड्ड्यातून. ते शीड घे आणि बाहेर हो. खरं सांगशील तेव्हा यंत्रावर बस."

"आत्या, इतकी कामं पडलीत..."

"मी करीन. तू जन्मायच्या आधीपासून करतेय."

टाचणी उठली. ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी. शीड काढून खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच निघाली. ते यंत्र म्हणजे तिचा जीव होता. बाराव्या वर्षापासून त्या खड्ड्यात बसत आली होती ती.

*

किनाऱ्यावरच्या उलट्या होडीपाशी त्यानं तिला गाठलं. हातात तिच्या चपला.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"नाही." ती हनुवटीवरच्या खुणेवर अंगठा घासत होती. मग समुद्राकडे बघत बोलली, "मीही सोडलं होतं. सगळ्यांना सांगते, सुटलं. सुटलं नव्हतं. घाबरून सोडलं. आता लाट दिसली की बोटं आपोआप ढिली पडतात. तुम्हाला एवढं शिकवते... आणि मला लाज वाटते."

त्यानं धीर दिला नाही, पाठ थोपटली नाही. वाळूत बसला आणि म्हणाला, "लिफ्ट का पडत नाही, ठाऊक आहे?"

"दोर जाड असतो म्हणून."

"सगळे असंच म्हणतात. दोर तुटला तरी पडत नाही. तिच्या पोटाखाली दोन जबडे असतात. एरवी उघडे. लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात खाली यायला लागली की तेच जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात. पडण्याच्या जोरानंच पकडतात." त्यानं दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "भीती घालवायच्या भानगडीत आपण पडूच नये. भीती वाटली की मूठ मिटायची, एवढंच हातांना शिकवायचं."

"मग तुम्ही का सोडता?"

"हे मला आत्ताच सुचलं ना!"

ती हसली. रडता रडता खुद्कन हसली, आणि तो नुसता बघत राहिला...

वारा येईपर्यंत तीन दिवस त्यांनी वाळूतच काढले. होडीला दांडी बांधली. ती डोळे मिटून दांडी धरायची आणि तो कधीही, न सांगता, तिला मागून ढकलायचा. ढकललं की मूठ मिटायची. पहिल्या दिवशी ती दचकून सोडायची. मग त्याची पाळी. तो तर नुसत्या हाकेनंही सोडायचा.

"कसले जबडे हे! कवळी आहे नुसती," ती म्हणायची.

"तुम्ही कानाशी येऊन कुजबुजलात तर माणूस काय धरील?"

"समुद्र काय ओरडून सांगून येतो का?"

तिसऱ्या संध्याकाळी ढकललं तर होडी हलली, पण तिची मूठ हलली नाही.

*

चौथ्या दिवशी वारा आला. असा आला की खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि अख्खा किनारा फळ्या घेऊन धावला. पाणी हिरवंगार, लाटांवर पांढरे तुरे. टाचणीनं शीड ताणून बांधलं.

"मी इथेच उभा आहे," बूटवाला म्हणाला. तो बूट घालूनच पाण्याच्या कडेला आला होता, कामावरून थेट.

पहिल्या लाटेला गुडघे वाकले. जुनी सवय. फळी बाजूनं निघून गेली.

दुसऱ्या लाटेवर ती उडाली, पण मान वळवली नाही. सपाट आपटली. नाकातोंडात खारं पाणी.

तिसऱ्या वेळी मान वळली, जग कलंडलं... आणि बोटं उघडली. ती एकीकडे, शीड दुसरीकडे. दांडी कानाजवळून गेली. पाण्याखाली तिला हनुवटीवरचे टाके पुन्हा ओढल्यासारखे वाटले. वर आली ती खोकतच. किनाऱ्याकडे वळावं, घरी जावं, आत्याला काहीतरी सांगावं. आत्या काय, चार दिवसांनी विरघळेलच...

विरघळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. आणि कोरं शीड भिंतीवर पुन्हा टांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिनं शीड पाण्यातून उचललं. वाऱ्यानं तिला फळीवर उभं केलं. पाय पट्ट्यांत गेले, मागचा हात मागे गेला. समोरून लाट आली, उंच, कडेला नुकती कुरळी होत असलेली. गुडघे वाकायला लागले.

"धर!" किनाऱ्यावरून आवाज आला. वाऱ्यावर स्वार होऊन आला. "धर! सोडू नकोस!"

फळी लाटेवर चढली. पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. ती हवेत होती.

मागचा हात तिनं पोटाशी ओढला. मान वळवली. शिडात वारा भरला आणि कुणी तरी खांद्याला धरून फिरवावं तशी ती फिरली. आकाश पायांखाली, समुद्र डोक्यावर. आणि तिथेच, बरोबर त्या जुन्या जागी, भीती आली. तितकीच मोठी, जराही कमी नाही.

मुठी मिटल्या.

इतक्या घट्ट मिटल्या की नखं तळव्यात रुतली. उलटा समुद्र गरकन सरकला, क्षितिज जागेवर आलं, आणि फळीचं शेपूट पाण्यावर थापकन टेकलं. ती मागे बसल्यासारखी झाली, पाण्यात पाठ बुडाली— पण दांडी हातात होती! शिडानं तिला पुन्हा उपसून उभं केलं, आणि ती पळत होती, उभी, अंगावरून पाणी निथळत, तोंड उघडं टाकून ओरडत. काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं.

किनाऱ्यावरचे लोक शिट्ट्या मारत होते. एक माणूस बुटांसकट छातीभर पाण्यात शिरला होता.

*

दुपारी दोघं दुकानाच्या दारात आली. टाचणीच्या खांद्यावर लाल किनारीचं शीड. मधोमध भोक.

आत्या खड्ड्यात होती. चष्म्यावरून तिनं पाहिलं.

"कसं फाटलं?"

"दोन वर्षांपूर्वी मी सोडलं होतं, आत्या," टाचणी म्हणाली. "सुटलं नव्हतं. आज तिसऱ्या वेळीही सोडलं. चौथ्या वेळी धरलं. पूर्ण फिरले."

"पूर्ण?"

"पूर्ण."

आत्याच्या हनुवटीला जरासं काही तरी झालं. लगेच सावरलं. "मग फाटलं कधी?"

"पाचव्या वेळी. लगेच दुसरी मारायला गेले."

"हावरट," आत्या म्हणाली, आणि तो शब्द तिनं असा काही म्हटला की टाचणीला आयुष्यभराचं कौतुक एकदम मिळालं. "लिही कोपऱ्यात. अक्षर नीट काढ." ती गुडघ्यावर हात टेकत खड्ड्यातून वर आली. "बस तुझ्या जागेवर. माझी कंबर गेली."

मग ती बूटवाल्याकडे वळली. भिंतीवर त्याचं शीड लटकत होतं, सरळ चिरेचं, कोऱ्या कोपऱ्याचं.

"तुमचं काय? सुचलं का कारण?"

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. त्यानं टाचणीकडे पाहिलं. ती खड्ड्यात उतरली होती, पुन्हा फक्त डोकं, कानामागे पेन्सिल. अगदी पहिल्या दिवशीसारखं.

"सुचायचं काय त्यात..." तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हिला बघितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून कापलं. पुढच्या वेळी न कापता यायचं आहे. रोज. चालेल का... ते हिनं सांगावं."

टाचणीनं कानामागची पेन्सिल काढली.

"मघाशी किनाऱ्यावरून 'सोडू नकोस' म्हणालात," टाचणी म्हणाली. "एकदम 'नकोस'."

"चुकून... घाईत..."

"आता घाई नसतानाही म्हणा." तिनं हात वर केला, खड्ड्याच्या काठावर त्याच्यापुढे धरला. तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी अजून लाल होत्या.

तो गुडघ्यांवर बसला. तो हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"सोडू नकोस," तो म्हणाला.

"नाही सोडणार."

थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या हातानं त्याचं शीड ओढून घेतलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं काही तरी लिहिलं. फार नाही, दोनच शब्द— कापलं. माझ्यासाठी. आत्यानं चष्मा पुसला, वाकून वाचलं, नाक उडवलं.

"हं. खरं आहे. आता शिवा," ती म्हणाली. मग तिची नजर जमिनीवर गेली. दारापासून खड्ड्यापर्यंत, ओळीनं, ओले, वाळूचे, नक्षीदार ठसे.

"बूट!"